शेजारच्या पेटीतलं बाळ

भायखळा, मुंबई
रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी साक्ष द्यायला सांगितलंय, पण मी उभा राहणार नाही." मी कारण विचारलं तर बराच वेळ गप्प होतास. मग एकदम म्हणालास, "देवाने आमच्या बाळाला सांभाळलं असं मी माईकवर सांगायचं. म्हणजे शेजारच्या पेटीतल्या बाळाला त्याने सांभाळलं नाही, असंच ना?" आणि फोन ठेवलास. मी तिथल्या तिथे काही बोलले असते तर ते घाईचं झालं असतं. म्हणून आज चर्चमधून आल्याआल्या लिहायला बसले आहे.

तुझ्या प्रश्नाचं मला वाईट वाटलेलं नाही, हे आधी सांगते. विश्वास डळमळला म्हणून असा प्रश्न पडतो असं समजू नकोस. दुसऱ्याचं रडणं ज्याच्या कानात राहतं त्याला हा प्रश्न पडतो. आपलं बाळ कमी दिवसांचं म्हणून रुग्णालयात काचेच्या पेटीत (इनक्यूबेटरमध्ये) असताना इतके दिवस तू शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या बापाजवळ, त्या कळव्याच्या माणसाजवळ, बाकावर बसलास. त्याच्या डब्यातली चपाती खाल्लीस, तो झोपला की त्याच्या पिशवीवर लक्ष ठेवलंस. एका पहाटे त्याला आत बोलावलं आणि तो बाहेर आला तो भिंतीला धरून. ते विसरून तू माईकसमोर आनंद केला असतास, तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती.

सूनबाईने मला आणखी एक सांगितलं. मंडळीतल्या कुणीतरी बाळाला बघायला येऊन म्हटलं, "तुमचा विश्वास मोठा, म्हणून लेकरू वाचलं." त्यांनी प्रेमाने म्हटलं असेल, पण हे वाक्य आपल्या घरात पुन्हा कुणी उच्चारायचं नाही. त्याची दुसरी बाजू बघ. त्या दुसऱ्या बाळाची आई ओल्या अंगाने बुधवारी माहीमच्या चर्चला जाऊन आली होती, असं तूच मला सांगितलंस. बाळंतपणाला पंधरा दिवस झाले नव्हते. चर्चच्या बाहेर मेणाची बाळं, मेणाची घरं, मेणाचे हातपाय विकायला असतात. त्यातलं एक बाळ घेऊन ती नोव्हेना प्रार्थनेच्या गर्दीत उभी राहिली. ती ख्रिस्ती नाही, तिला आपली प्रार्थना येत नाही, तरी लेकरासाठी ती येशूच्या आईपुढे उभी राहिली. तिच्याजवळ विश्वास कमी होता असं सांगायची माझी तरी छाती नाही. प्रभू असं कधी बोलला नसता. त्याने तर मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे म्हटलं.

आता पवित्र शास्त्र, आपलं बायबल, काढ. प्रेषितांची कृत्ये, 12वा अध्याय. तुरुंगातल्या पेत्राची गोष्ट तुला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. मंडळी प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र मरियेच्या घराचं दार ठोठावतो, आणि रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखून इतकी हरखते की दार उघडायचं सोडून आत पळते. हे आपण मुलांना हौसेने सांगतो. पण त्याच अध्यायाचं दुसरं वचन वाच. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारलं. एका ओळीत संपलं. देवदूत नाही, दरवाजा उघडला नाही. याकोबासाठी मंडळी रडली नसेल, गुडघ्यावर आली नसेल, असं मला वाटत नाही. त्याची आई तर वधस्तंभापर्यंत येशूच्या मागून गेलेली बाई. ती तेव्हा हयात असेल, तर ज्या रात्री पेत्र सुटून आला त्या रात्री तिला काय वाटलं असेल? बाई आहे म्हणून असेल, पण मी हा अध्याय वाचते तेव्हा रुदापेक्षा तीच माझ्या डोळ्यांपुढे येते.

हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या, आणि पेत्राचा विश्वास याकोबापेक्षा मोठा होता असं कुठेही म्हटलं नाही. त्याने कारणच दिलं नाही. पेत्रालाही पुढे मरण चुकलं नाही. योहानाच्या 21व्या अध्यायात प्रभूने त्याला ते आधीच सांगून ठेवलं होतं.

याहून जवळचं हवं तर मत्तयाचा 2रा अध्याय घे. योसेफाला स्वप्नात सूचना मिळाली आणि एक बाळ मिसर देशात सुखरूप गेलं. बेथलेहेमातले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मात्र मारले गेले. आपल्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ येतात, मागी लोक येतात, हेरोद खुर्चीवर बसून ओरडतो आणि पडदा पडतो. त्या आया आपण रंगमंचावर आणत नाही. कॅथलिक लोक निदान 28 डिसेंबरला त्या बालकांची आठवण करतात. मत्तयाने मात्र त्या आयांना वगळलं नाही. यिर्मयाचं वचन शोधून काढून त्याने लिहिलं की राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि कुणाकडून सांत्वन करून घ्यायला तयार नाही. तिला कुणी गप्प केलं नाही. "देवाची इच्छा" असं कुणी तिला तिथे म्हणत नाही. जगाचा तारणारा वाचला त्याच पानावर तिचं रडणं ठेवलेलं आहे, आणि आपण ते दर नाताळात ओलांडून पुढे जातो.

तेव्हा तुला जे बोचतं आहे ते पवित्र शास्त्राला ठाऊक नसलेलं काही नाही. तुझा प्रश्न त्यातच लिहिलेला आहे.

मग सांभाळतो म्हणजे काय करतो? माझ्या मनात हे कसं घडत गेलं ते सांगते.

2020 चा उन्हाळा आठव. तू घरून काम करत होतास आणि मी कोविड वॉर्डात. पीपीई किट एकदा चढवलं की पाणी नाही, बाथरूम नाही, चष्म्यावर वाफ धरायची आणि शीर सापडायची नाही. त्या दिवसांत 91वं स्तोत्र व्हॉट्सॲपवर सगळीकडून यायचं. काळोखात फिरणाऱ्या मरीची भीती धरू नकोस, तुझ्या तंबूजवळ पीडा येणार नाही. लोक ते छापून दाराला चिकटवत होते. आमच्यातली एक सिस्टर किट घालण्याआधी चेंजिंग रूममध्ये ते तोंडपाठ म्हणायची, तिच्यामागे आम्ही म्हणायचो. ती गेली. मी राहिले. माझं स्तोत्र तिच्यापेक्षा खरं होतं का?

त्याच काळात काही ख्रिस्ती घरांतून मी ऐकलं, आमच्यावर येशूचं रक्त आहे, आम्हाला मास्क कशाला? तेव्हा मला मत्तयाचा 4था अध्याय आठवायचा. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि उडी टाक म्हणतो, देवदूत तुला झेलतील म्हणतो. ते तो कुठून काढतो? याच 91व्या स्तोत्रातून. पवित्र शास्त्रातली सांभाळण्याची सगळ्यात मोठी वचनं, आणि ती सैतानाच्या तोंडी. प्रभूने उडी टाकली नाही. तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस, एवढंच तो म्हणाला. म्हणजे ज्याचा पित्यावर सगळ्यात जास्त भरवसा होता, त्याने ते स्तोत्र विम्याच्या कागदासारखं वापरायला नकार दिला. मास्क काढून टाकणं ही ती उडीच होती.

आणि त्या स्तोत्राचा शेवट फारसा कुणी फॉरवर्ड केला नाही. 15व्या वचनात देव स्वतः बोलतो, संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ असेन. संकट येणारच नाही असं तिथे नाही. संकटात तो कुठे असेल ते तिथे आहे. माझा सगळा भरवसा त्या एका वचनावर उभा आहे.

आपण राहतो त्या भायखळ्यातलीच एक गोष्ट सांगते, कारण देवाची राखण नेहमी आकाशातूनच उतरते असं तुला वाटायला नको. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा माणसं घरंदारं टाकून गावाला पळाली. त्या वेळी इथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. हाफकिन यहुदी होते. 91वं स्तोत्र मुळात त्यांच्याच लोकांचं. त्यांनी ते त्या दिवशी म्हटलं की नाही कोण जाणे, पण मरीच्या दिवसांत देवाने ज्या हातांनी या शहराला जपलं त्यांत त्यांचा हात होता असं मी मानते. मुलांना लस टोचताना मी कितीदा मनातल्या मनात आमेन म्हटलं आहे.

आता पप्पांविषयी. यावर आपण फारसं बोललो नाही. तू तिसरीत होतास, तुला धूसर आठवत असेल.

पप्पा आयसीयूत होते तेव्हा आपल्या मंडळीने साखळी प्रार्थना ठेवली होती. रात्री दोन वाजताही कुणीतरी आपल्या घरात गुडघ्यावर असायचं. त्याच आयसीयूत पलीकडच्या खाटेवर एक गृहस्थ होते, पप्पांपेक्षा वयाने मोठे, पप्पांपेक्षा जास्त आजारी. मी नर्स आहे, मला मॉनिटर वाचता येतो. ते वाचले. चालत घरी गेले. त्यांच्या बायकोने जाताना माझा हात धरला, आणि तिला काय बोलावं ते सुचेना. म्हणून सांगते, बाळा, त्या कळव्याच्या बापाच्या जागी मी उभी राहिलेली आहे. तिथून काय दिसतं ते मला माहीत आहे.

अंत्यविधीनंतर लोक पुष्कळ बोलले. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. त्याची योजना असते. मी मान हलवत राहिले. घरी आल्यावर पवित्र शास्त्र कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि खाली काढलं नाही. जेवणाआधीची प्रार्थना तू म्हणायचास, मी डोळे मिटून नुसती बसायचे.

तेव्हा आपल्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायबलबाई, घरोघर जाऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, आपल्याकडे यायला लागल्या. तू त्यांना आजी म्हणायचास. त्यांनी मला एकदाही समजावलं नाही. यायच्या, कुकर लावायच्या, तुझा पाढ्यांचा गृहपाठ घ्यायच्या. माझी नाइट असली की तू त्यांच्याकडे झोपायचास. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी त्यांनी ते कपाटातलं पुस्तक मागितलं आणि 88वं स्तोत्र वाचलं. मी ते तोवर लक्ष देऊन कधी वाचलं नव्हतं. इतर विलापाच्या स्तोत्रांत रडून झालं की शेवटी कुठेतरी आशेची ओळ येते. या स्तोत्रात ती येत नाही. माझे मित्र, माझे सोबती तू माझ्यापासून दूर केलेस, असं म्हणत ते काळोखात संपतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हीसुद्धा प्रार्थना आहे. अशी करता येते." एवढंच. मग भाजी निवडायला बसल्या.

त्या रात्री मी देवाशी पुन्हा बोलले. जे बोलले ते चांगलं नव्हतं, पण त्याच्याशीच बोलले.

पप्पा का गेले ते मला आजही कळलेलं नाही. ते कळेल म्हणून मी थांबलेलेही नाही. पण ती वर्षं मागे वळून बघते तेव्हा एक सांगू शकते. ज्या दिवशी मला वाटलं की आता आपल्याला धरणारं कुणी नाही, त्या दिवशीही आपल्याला धरलेलं होतं. बाईंच्या हातांनी. खालच्या मजल्यावरच्या त्या मुस्लिम काकूंच्या हातांनी, ज्या तुझ्या शाळेच्या बससाठी मुलांबरोबर तुलाही खाली नेऊन उभ्या राहायच्या. इनचार्ज सिस्टरच्या हातांनी, जिने न सांगता माझ्या ड्युट्या बदलल्या. मी मागितलं होतं ते मला मिळालं नाही. मी एकटी मात्र पडले नाही.

पुढे माझी बदली बालरोग विभागात झाली आणि नवजात बाळांमध्ये मी काही वर्षं काढली. तिथे जे पाहिलं ते तूही आता काचेबाहेरून पाहिलं आहेस. 31 आठवड्यांची, सव्वा किलोची बाळं श्वास घ्यायला विसरतात. मेंदूला अजून सवय नसते. मॉनिटर वाजतो, सिस्टर उठते, तळपायाला बोटाने टिचकी मारते, पाठ चोळते, आणि बाळ दचकून पुन्हा श्वास घ्यायला लागतं. एका रात्रीत असं कितीदा तरी होतं. बाळाला पत्ताही नसतो की आपल्याला कुणी परत आणलं. 121वं स्तोत्र म्हणतं, इस्राएलाचा राखणारा डुलकी घेत नाही. नाइट ड्युटीला मला त्याचा अर्थ जेवढा उमगला तेवढा कुठल्या प्रवचनात उमगला नाही.

पण मी तुला अर्धंच सांगणार नाही. कधी टिचकी मारून, पाठ चोळून, तोंडाला मास्क धरून, डॉक्टर येऊन सगळं करूनही श्वास परत येत नाही. तेव्हा सिस्टर त्या बाळाला टाकून दुसरीकडे जात नाही. नळ्या काढते, चिकटपट्टीचे डाग कोमट पाण्याने पुसते. मऊ कापडात गुंडाळते, मान हातावर तोलून धरते, जशी जिवंत बाळाची धरतात तशीच. मग आईच्या हातात देते. मी हे केलेलं आहे, आणि करताना बाळाशी बोलत असे. जी जगली त्यांना हात लावला, जी गेली त्यांनाही लावला, आणि हात तेच होते. देवाच्या सांभाळण्याबद्दल माझ्याजवळ यापेक्षा जास्त काही नाही. प्रभू म्हणाला, दमडीला दोन चिमण्या मिळतात, पण त्यांतली एकही तुमच्या पित्याशिवाय जमिनीवर पडत नाही. चिमणी पडत नाही असं तो म्हणाला नाही. पडते. पडते तेव्हाही पिता तिथे असतो. शेजारच्या पेटीतलं बाळ त्या पहाटे देवाच्या हातातून निसटून खाली पडलं, असं तू समजू नकोस. ते त्याच हातात आहे. आपलंही त्याच हातात आहे.

आणि तो हात जखमी आहे, हेही आपण विसरतो. बेथलेहेमात वाचलेलं ते बाळ मोठं झालं आणि वधस्तंभावर गेलं. तेव्हा मिसरला पळायचं स्वप्न कुणाला पडलं नाही. "माझ्या देवा, माझा त्याग का केलास?" हे 22व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य तो मोठ्याने ओरडला, असं मत्तय आणि मार्क सांगतात. "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो," हे 31व्या स्तोत्रातलं वाक्य बोलून त्याने प्राण सोडला, असं लूक सांगतो. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची आहेत. तुझ्या तोंडून सध्या पहिलं येत असेल तर येऊ दे. दुसऱ्यासाठी जबरदस्ती करू नकोस.

आपल्यातल्याच एका बाईचं सांगते. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले. भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले. पुढे ख्रिस्तावर विश्वास ठेवला म्हणून दुःख थांबलं नाही. एकुलती एक मनोरमा 1921 साली त्यांच्याआधी गेली, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. देव सांभाळतो याचा अर्थ आपल्याला काही होत नाही असा असता, तर रमाबाईंनी तो विश्वास केव्हाच सोडून दिला असता. पण 1896 च्या दुष्काळात भुकेने मरणाऱ्या मुलींना शोधत मध्य प्रांतात कोण गेलं? आईबापांना भुकेने मरताना पाहिलेली हीच बाई. त्या मुलींना तिने केडगावला आणलं, शिकवलं, आणि उतारवयात इब्री (हिब्रू) आणि ग्रीक भाषांवरून आख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. केडगावच्या त्या मुलींना विचारलं असतं की देवाने तुम्हाला कसं सांभाळलं, तर त्यांनी रमाबाईंकडे बोट दाखवलं असतं.

आता तुझ्या घरातलं. सूनबाई म्हणाली, तू रात्रभर जागा असतोस, दर थोड्या वेळाने बाळाच्या नाकाशी बोट धरून बघतोस. पोरा, त्या आवाज करणाऱ्या मॉनिटरची सवय झाली की घरातली शांतता भीती घालते, सगळ्या आईबापांना. पण डॉक्टरांनी बाळाला घरी सोडलं ते श्वासाचं थांबणं बंद झालं म्हणून. उताणं झोपव, तोंडाजवळ पांघरूण, उशी काही नको. दिवसा शर्ट काढून त्याला छातीशी उभं लाव, वरून चादर. ही कांगारू पद्धत 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी बाळं आईच्या अंगाशी बांधली, आणि बाळं तगली. बापाची छातीही चालते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजिबात चुकवू नकोस, कमी दिवसांच्या बाळाला ती लागतेच. लशींच्या तारखा फ्रीजवर लाव. हे सगळं कर, आणि मग रात्री बाळाच्या डोक्यावर हात ठेवून दोघं मिळून दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि झोप. तुझ्या जागण्यावर ते बाळ जिवंत नाही. तू झोपलास तरी जागा असणारा एक आहे. हे तुला तोंडाने म्हणता येत नसेल, तर झोपून म्हण. तीही प्रार्थनाच आहे.

साक्षीचं म्हणशील, तर साक्ष देणारा माणूस जे पाहिलं तेवढं सांगतो. देवाने कुणाला का राखलं आणि कुणाला का नाही, याचा निवाडा त्याच्याकडे कुणी मागितलेला नाही. तुला उभं राहायचं असेल तर तू पाहिलंस ते सांग. सूनबाईला दूध उतरलं नव्हतं ते पहिले दिवस, आणि बाटलीतून कुणा अनोळखी आईचं दूध आलं. हे दूध कुठून येतं हे मंडळीतल्या पुष्कळांना माहीत नसेल. शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. ती आई कोण, तिचा धर्म कोणता, जात कोणती, काही कळत नाही. आपल्या बाळाच्या अंगात ते दूध आहे. ते सांग. रात्रीच्या सिस्टरचं सांग, वॉर्डातल्या मावशींनी तुला चहा आणून दिला ते सांग. आणि मग सांग की शेजारी आणखी एक बाळ होतं, त्यांनीही प्रार्थना केली होती, ते घरी आलं नाही. का, ते आम्हाला कळत नाही. आम्ही देवाचे उपकार मानतो आणि त्या आईबापांसाठी रडतो. रोमकरांच्या 12व्या अध्यायात पौलाने आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करणं आणि रडणाऱ्यांबरोबर रडणं एकाच वचनात ठेवलं आहे. मंडळीला ते ऐकू दे. तिथे बसलेल्यांमध्ये किती याकोबाच्या आया असतील. तुझी साक्ष ऐकून त्यांना पहिल्यांदा वाटेल की इथे आपल्यालाही जागा आहे.

हे बोलवत नसेल तर या रविवारी बसून राहा. पाळकसाहेब समजून घेतील, नाही समजले तर मी बोलते.

पण रविवारच्या आधी एक काम आहे. तो माणूस फोन उचलत नाही म्हणालास. मग फोन करू नकोस, आपण जाऊ. तुझं बाळ वाचलं म्हणून तुला त्याच्यापुढे जायची लाज वाटते, ते मला कळतं. पप्पांच्या वेळी त्या बाईने माझा हात धरला होता तो अजून मला आठवतो, आणि ती न बोलता निघून गेली असती तर तेही आठवलं असतं. तिथे गेल्यावर वचन सांगू नकोस, समजावू नकोस, पुढच्या वेळी सगळं नीट होईल असं तर मुळीच म्हणू नकोस. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. बाळाला आणि सूनबाईला घरीच ठेव. त्या माणसाच्या बायकोला अजून दुसऱ्याचं बाळ बघवणार नाही. गेलेल्या बाळाचं नाव त्यांनी ठेवलं होतं का ते विचार. ठेवलं असेल तर ते नाव घेऊन बोल. कुणी घेत नाही.

शनिवारी दुपारी जेवणानंतर मी भायखळ्याहून कल्याणची धीमी गाडी पकडते. निघताना फोन करीन, तू भांडुपला चढ. मी मधल्या लेडीज डब्यात असेन, कळव्याला उतरलो की भेटू. डाळभात, भाजी आणि चपात्यांचा डबा मी घेते, चौघांना पुरेल एवढा.

तुझी आई